पिकअपच्या वायरिंगमधला ‘येतो-जातो’ फॉल्ट कसा पकडायचा

खड्ड्यात गाडी आदळली की हेडलाइट विझते, पुढच्या खड्ड्यात आपोआप लागते. सकाळी सेल्फ झकास बसतो, दुपारी माल उतरवून निघायच्या वेळी नुसतं ‘टिक’ होतं. वायरमनकडे नेली की हीच गाडी शहाण्यासारखी वागते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, नंतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), नंतर सेल्फ, आणि चौथ्या दिवशी फॉल्ट पुन्हा हजर.

पूर्ण बिघडलेला पार्ट सहसा बिघडलेलाच राहतो. येणारा-जाणारा फॉल्ट बहुतेक वेळा पार्टात नसतो, जोडात असतो. सैल थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), गंजलेली अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतणारी जोडणी), कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये) मागे सरकलेली पिन, हौद्याखाली (माल ठेवायच्या भागाखाली) घासून अर्धी तुटलेली वायर, अशा जागा. काही पार्ट तापले की मरतात आणि निवले की जगतात, त्यांची गोष्ट पुढे येईल. पण सुरुवात जोडांपासून. आणि एक नियम पाळायचा: फॉल्ट आपल्या हाताने आणता येईपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

हे सगळं १२ व्होल्टच्या पिकअपसाठी लिहिलं आहे. वायरचे रंग आणि फ्यूजच्या जागा मॉडेलप्रमाणे बदलतात. त्यासाठी फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता आणि गाडीचं मॅन्युअल पाहायचं, दुसऱ्या मॉडेलवरून अंदाज बांधायचा नाही.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर लागेल. तो मिलिव्होल्ट वाचणारा आणि १० अँपिअरचं खातं (रेंज) असलेला हवा. मिन-मॅक्सचं बटण असेल तर फारच बरं, कारण क्षणभर पडलेला व्होल्टेज डोळ्याला दिसत नाही, पण मीटर तो धरून ठेवतो.

दुसरी वस्तू मल्टिमीटरइतकीच महत्त्वाची आणि अगदी स्वस्त: टेस्ट बल्ब, म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. त्याला दीड स्क्वेअर एमएमच्या दोन लांब वायरी आणि टोकांना मगर क्लिपा लावायच्या. हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून गंजून जेमतेम टेकलेल्या वायरवरही तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब तसा फसत नाही. त्या गंजलेल्या जागेतून पुरेसा करंट जात नाही आणि तो मिणमिणतो. नवशिके ‘करंट तर येतोय’ म्हणून पुढे जातात ते इथेच.

मात्र हा बल्ब ईसीएमच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या), सेन्सरच्या किंवा एअरबॅगच्या वायरला कधीही लावायचा नाही. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात, त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही.

याशिवाय मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली पाचेक मीटरची जंपर वायर, एच-४ चा ६०/५५ वॅटचा जुना हेडलाइट बल्ब, शिवणकामाच्या टाचण्या, पितळी ब्रश, पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पेट्रोलियम जेली, क्रिंपिंगची (जोड दाबून बसवायची) पक्कड आणि आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी. आणि एक वही.

आधी वही, मग पाना

ड्रायव्हरला ‘काय होतं’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कधी होतं’ हे विचारायचं. इंजिन थंड असताना की तापल्यावर? गाडी भरलेली असताना की रिकामी? पावसात, गाडी धुतल्यावर, की कडक उन्हात? स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवल्यावर? त्या वेळी वायपर, ब्लोअर, हेडलाइट यांपैकी काय चालू होतं?

सगळ्यात कामाचा प्रश्न शेवटचा: त्याच क्षणी बरोबर आणखी काय बंद पडलं?

एकटी उजवी हेडलाइट गेली तर दोष त्या हेडलाइटच्या कपलरपासून फार लांब नसतो. हेडलाइट, हॉर्न आणि वायपर एकदम गेले तर त्या तिघांचा सामाईक रस्ता शोधायचा: एकच फ्यूज, एकच रिले (विजेने चालणारा स्विच), इग्निशन स्विचचा एकच पॉइंट किंवा एकच अर्थ. वायरिंगचा नकाशा मिळाला तर तो सामाईक बिंदू पेन्सिलीने शोधता येतो, गाडीला हात न लावता.

उत्तरांवरून दिशाही ठरते. खड्ड्यात होतं तर सैल जोड किंवा तुटकी वायर. तापल्यावर होतं तर सेन्सर, रिले, सेल्फची सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा खटका). ओल्यात होतं तर कपलर, फ्यूज बॉक्स, अर्थ. भरलेल्या गाडीतच होतं तर चॅसीवरून (खालच्या लोखंडी सांगाड्यावरून) मागे जाणारी वायरिंग, कारण भाराने चॅसी लवचते, पाटे बसतात आणि ताणून बांधलेली वायर खेचली जाते. मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून नेमकं मागच्या कपलरवर गळतं. कोकणातली अशी गाडी पाहायची तर सरळ मागूनच सुरुवात करावी.

चालता चालता इंजिन बंद पडत असेल तर पहिल्या दोन सेकंदांत डॅशबोर्डकडे पाहायला सांगा. डॅशबोर्डचे दिवेही विझले, तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा इग्निशन स्विच. दिवे शाबूत आणि फक्त इंजिन मेलं, तर ईसीएमचा मेन रिले, क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) किंवा जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल कट-ऑफची सोलेनॉइड. गाडी गिअरमध्ये ढकलली जात असताना, म्हणजे इंजिन अजून फिरत असताना, आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला तर क्रँक सेन्सरवर संशय पक्का. इंजिन खट्‌कन न मरता आचके देत, दम तोडत गेलं तर आधी डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा तपासायची. तो फॉल्ट विजेचा नसण्याचीच शक्यता जास्त.

बॅटरी: दहा मिनिटांचं काम, पण टाळायचं नाही

गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग सेल्फ मारताना पाहायचं: व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण चालू करून इंजिन १,५०० आरपीएमवर धरलं तरी १३.५ च्या खाली यायला नको. आलं तर आधी बेल्टचा ताण आणि चकाकी बघा. गुळगुळीत झालेला बेल्ट भार आला की घसरतो आणि भार गेला की सुधारतो, म्हणजे हाही येतो-जातो फॉल्टच.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेला असावा. डायोड गेला की लाइट फडफडतात, ईसीएम वेडेवाकडे कोड देतो आणि कधी रात्रीत बॅटरीही उतरते.

टर्मिनल हाताने फिरवून पाहा. हाताने हललं तर ते सैल, यावर चर्चा नको. आधी मायनस काढायची, मग प्लस. लावताना उलट. पांढरी-हिरवी बुरशी सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आत लावू नका. क्लॅम्प सैल पडतो म्हणून पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकून बसवलेला दिसला तर तो क्लॅम्पच बदला.

अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. ईसीएम असलेल्या गाडीत ती विसरायची. त्या क्षणी व्होल्टेजची जी उसळी येते तिने ईसीएम, स्टिरिओ, अल्टरनेटरचा रेग्युलेटर, काहीही उडू शकतं.

अर्थ: पिकअप म्हणजे चार वेगळे लोखंडी तुकडे

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. केबिनही रबरावर. हौदा चॅसीला बोल्टने बांधलेला असतो, पण मध्ये रंग, गंज आणि बऱ्याचदा रबराची किंवा लाकडाची पट्टी असते. म्हणजे इंजिन, चॅसी, केबिन आणि हौदा हे चार तुकडे विजेच्या दृष्टीने आपोआप जोडलेले नसतात. बॅटरीची मायनस त्या चौघांपर्यंत जाड वायरने किंवा विणलेल्या पट्टीने पोचवावी लागते. यातली एक पट्टी कुजली की करंट दुसरीकडून वाट काढतो. इंजिनची अर्थ गेली तर तो ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून परततो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली की समजून जायचं.

खराब अर्थची लक्षणं चमत्कारिक असतात. इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेल लॅम्प त्याच्याच तालावर लुकलुकतो. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद होते. हेडलाइट लावली की डिझेलचा किंवा टेंपरेचरचा काटा सरकतो. असं ‘एकाचं बटण, दुसऱ्याचा नाच’ दिसलं की बल्ब बदलत बसू नका.

अर्थ ओहमवर मोजायची नाही. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही, पण सेल्फच्या २०० अँपिअरवर तेवढाच अडथळा २ व्होल्ट खातो. म्हणून भार चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट, मोजायचा. पद्धत अशी:

१. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर लावलं तर खांब आणि क्लॅम्पमधला दोष मोजणीतून निसटतो.

२. दुसरं टोक इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. सेल्फ फिरवायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर इंजिनची पट्टी किंवा तिचे बोल्ट दोषी.

३. हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू करून दुसरं टोक केबिनच्या पत्र्यावर. ०.१ च्या आत हवं.

४. पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर चालू ठेवून टेल लॅम्पच्या अर्थ वायरवर. इथे ०.२ पर्यंत चालतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ गेलेली आहे, मग ती दिसायला कितीही चांगली असो.

५. प्लसची बाजू राहिली. बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ फिरत असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी.

मोजताना कोणीतरी त्या पट्ट्या आणि केबल्स हलवत राहायला हवं. आकडा स्थिर राहिला तर पुढे चला, उडी मारली तर तिथेच थांबा.

दुरुस्ती करताना थिंबल आणि चॅसी या दोन्ही जागा रंग निघेपर्यंत घासायच्या, दातेरी वॉशर घालून आवळायचं, मगच वरून रंग किंवा ग्रीस. पट्टी हिरवी पडली असेल तर नवी घाला. घासून ती सुधारत नाही, कारण गंज विणीच्या आत शिरलेला असतो.

मागची वायरिंग, एक फॉल्ट टोकापर्यंत

तक्रार अशी समजा: डावा टेल लॅम्प भरलेल्या गाडीत अधूनमधून जातो, रिकाम्या गाडीत नीट चालतो. पिकअपमध्ये ही तक्रार फार नेहमीची आहे आणि शोधायची रीत शिकायला उत्तमही.

बल्ब काढून पाहा. तळाचं शिसं झिजून चपटं झालं असेल किंवा होल्डरची पत्ती दबलेली असेल तर आदळण्याने संपर्क सुटतो. ब्रेक आणि पार्किंग एकत्र असलेल्या दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये एक फिलामेंट तुटून दुसऱ्याला चिकटलेलीही असू शकते. ते उजेडाकडे धरल्याशिवाय कळत नाही.

बल्ब ठीक असेल तर होल्डरच्या जागी टेस्ट बल्ब लावा आणि पार्किंग चालू करा. आता गाडी भरलेली नसताना भार आणायचा आहे. दोघं-तिघं हौद्याच्या मागच्या टोकावर चढून उड्या मारू देत. टेस्ट बल्ब फडफडला तर दोष बल्बच्या अलीकडे, वायरिंगमध्ये आहे. आता टेस्ट बल्बची मायनस टेल लॅम्पच्या अर्थवरून काढून जंपर वायरने थेट बॅटरीच्या मायनसला द्या आणि पुन्हा उड्या. फडफड थांबली तर अर्थ दोषी, चालू राहिली तर प्लसची वायर.

समजा प्लसची निघाली. टेल लॅम्पपासून पुढे एकेका कपलरवर टेस्ट बल्ब लावत जायचं. ज्या कपलरवर बल्ब स्थिर लागतो आणि त्याच्या मागच्यावर फडफडतो, त्या दोघांमधला तुकडा तुमचा. मग गाडीखाली झोपून तो तुकडा एकेक वीत धरून हलवा, वाकवा, ओढा. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: चॅसीच्या आडव्या पट्टीवरून वायरिंग जिथे वळतं ती कड, हौद्याच्या यू-बोल्टखाली चेपलेली जागा, स्टेपनीच्या ब्रॅकेटजवळ, सायलेन्सरला लागून गेलेला भाग, आणि क्लिप तुटल्याने लोंबणारा झोळ. उंदरांनाही मोजणीत धरा. धान्याच्या किंवा पेंडीच्या गोदामाशेजारी रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीत ते वायरिंगचं वरचं वेष्टन कुरतडतात आणि तांबं उघडं पडतं.

वायर बाहेरून धड आणि आतून तुटलेली असते तेव्हा ओढल्यावर तेवढा तुकडा रबरासारखा ताणला जातो. बोटांना ते लगेच कळतं. आवरण फुगीर आणि काळपट लागलं तर आत गंज चढलेला आहे. तो पाण्यासारखा वायरच्या आतून दूरवर पसरतो, म्हणून चकाकतं तांबं लागेपर्यंत कापत जायचं.

वायरच्या आवरणात टाचणी भोसकून करंट बघायची सवय लावून घेऊ नका. त्या भोकातून पहिल्या पावसात पाणी शिरतं आणि आज शोधलेल्या फॉल्टच्या शेजारी सहा महिन्यांनी नवा तयार होतो. टाचणी कपलरच्या मागून, वायरच्या कडेने आत सरकवायची. कपलर उघडून मीटरचा जाड प्रोब पुढून मादी (पोकळ) पिनमध्ये खुपसला तर ती पिन फाकते. येतो-जातो फॉल्ट तिथेच जन्माला येतो, आणि तोही तुमच्या हातून.

कपलर आणि पिना

कपलर ओढून काढताना वायरी धरायच्या नाहीत, लॉक दाबायचं. आत पाहायचं ते हे: एखादी पिन बाकीच्यांपेक्षा मागे बसली आहे का, हिरवा किंवा पांढरा थर आहे का, एखादी पिन तापून काळी पडली आहे का, प्लास्टिक वितळलं आहे का. हेडलाइटच्या एच-४ होल्डरमध्ये काळी पिन हमखास सापडते, विशेषतः कुणी ६०/५५ ऐवजी १००/९० वॅटचे बल्ब घातले असतील तर.

पिन सैल आहे का ते तपासायला त्याच मापाची सुटी नर पिन आत घालून बाहेर काढून बघा. थोडा विरोध जाणवायला हवा. स्वतःच्या वजनाने घसरली तर मादी पिन बारीक टाचणीने दाबून आवळा किंवा बदला. काँटॅक्ट क्लीनर मारल्यावर पूर्ण सुकू द्या.

फ्यूज आणि रिले

फ्यूज वरून पाहून चांगला ठरवू नका. फ्यूज जागेवर असताना टेस्ट बल्बचं एक टोक अर्थला ठेवून दुसरं फ्यूजच्या दोन्ही कानांवर (वर दिसणाऱ्या धातूच्या टोकांवर) आळीपाळीने लावा. पत्तीचे रंग लक्षात ठेवा: ५ अँपिअर फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. १० च्या जागी ३० चा घातलेला दिसला तर तिथे आधी कुणीतरी हरलेला आहे, आणि शॉर्ट अजून आतच आहे.

रिलेच्या चार किंवा पाच पिनांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० वर कायम प्लस, ८७ वरून भाराला. पाचवी असेल तर ८७ए. कॉइलचा अडथळा बहुतेक साध्या रिलेंत ७० ते १०० ओहमच्या आसपास असतो. पण रिले ‘टक’ वाजला म्हणजे आतले पॉइंट जोडले गेले असं नाही. ३० आणि ८७ मध्ये, भार चालू असताना, ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर पॉइंट जळालेत. सोपा उपाय म्हणजे त्याच आकड्यांचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, अदलाबदल करून दोन दिवस गाडी चालवणं. फॉल्ट हॉर्नकडे गेला तर रिले गुन्हेगार.

फ्यूज अधूनमधून उडतो तेव्हा दहा फ्यूज जाळू नका. तो फ्यूज काढून त्याच्या जागी, सॉकेटच्या दोन टोकांत, हेडलाइटचा एच-४ बल्ब जोडा. नेहमीच्या बारीक भारात तो मंद पेटेल किंवा पेटणारच नाही. शॉर्ट झाला की लख्ख पेटतो, पण करंट ५ अँपिअरच्या आसपासच अडकतो, त्यामुळे काही जळत नाही. आता एकेक भाग हलवत जा: दाराच्या बिजागरीतलं रबरी बूट, स्टिअरिंगखालचा गुच्छ, हौद्याखालचं वायरिंग. ज्या हालचालीला बल्ब लख्ख होतो ती जागा सापडली. फ्यूजवर इंजिनचा कंट्रोल किंवा ईसीएम असेल तर ही युक्ती वापरायची नाही.

नंतर जोडलेल्या वस्तू

मला विचाराल तर मल्टिमीटर हातात घेण्याआधी हे पाहावं. रिव्हर्सचा भोंगा, एलईडी बार, स्टिरिओ, जीपीएस ट्रॅकर, केबिनमधला पंखा, हौद्यातली लाइट. कुठूनतरी वायर सोलून, पीळ मारून, वर इन्सुलेशन टेप. ती टेप उन्हाळ्यात वितळते आणि पावसाळ्यात सुटते. जाडजूड हॉर्न रिलेशिवाय थेट स्विचवर टाकला की स्विचचे पॉइंट जळतात. अशी प्रत्येक जोडणी एकेक करून सुटी करा आणि फॉल्ट येतो का बघा. एखाद्या दिवसात निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं नाही, पण ज्या संपतात त्या फुकटात संपतात.

हौद्याला वेल्डिंग झाल्यानंतर फॉल्ट सुरू झाला असेल तर तेही वहीत लिहा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची मायनस काढायची, ईसीएमचा कपलर सोडवायचा आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायचा असतो.

रात्रीत बॅटरी उतरते

गाडी बंद, किल्ली बाहेर, दारं बंद, केबिनची लाइट विझलेली. मीटर १० अँपिअरच्या खात्यात टाकून बॅटरीची मायनस वायर आणि खांब यांच्यामध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. ईसीएम झोपी जायला अर्धा तास तरी द्या. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा कोसळतो ते सर्किट. कोणत्याही फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहा, तोच डायोडचा मामला. ती वायर सोडण्याआधी मायनस पूर्ण काढलेली हवी. आणि मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो.

फ्यूज काढले की झोपलेला ईसीएम कधी जागा होतो आणि मोजणी बिघडते. म्हणून फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या दोन कानांमध्ये मिलिव्होल्ट मोजणं जास्त सुरक्षित. शून्य दिसला तर त्यातून करंट जात नाही, एखाद-दोन मिलिव्होल्ट दिसले तर जातो आहे.

येतो-जातो ड्रेन (बॅटरीची गळती) असेल, म्हणजे आठवड्यातून दोनदाच बॅटरी उतरत असेल, तर ग्लोव्ह बॉक्सची लाइट, पार्किंगचा स्विच आणि चिकटलेला रिले पाहा. रात्री गाडी उभी असताना बॉनेट उघडून रिलेंना हात लावा. जो कोमट लागतो तो चालू आहे.

तापल्यावरच होणारे फॉल्ट

सेल्फ थंडीत ठीक आणि तापल्यावर नुसतं एक ‘टिक’: त्या क्षणी सेल्फच्या जाड बोल्टवर आणि सोलेनॉइडच्या बारीक वायरवर एकाच वेळी मोजा. बारीक वायरवर ९-१० व्होल्टही येत नसतील तर किल्लीचा स्विच, सेल्फचा रिले किंवा क्लच स्विचकडे जा. दोन्हीकडे पुरेसे व्होल्ट असूनही सेल्फ फिरत नसेल तर दोष सेल्फमध्येच, बहुधा सोलेनॉइडच्या तांब्याच्या पॉइंटमध्ये किंवा कार्बन ब्रशमध्ये. ‘टक-टक-टक’ अशी भरभर वाजणारी सोलेनॉइड मात्र बॅटरी किंवा टर्मिनलची तक्रार असते.

क्रँक सेन्सर तापून गाडी बंद पडत असेल तर ती पंधरा-वीस मिनिटं थांबल्यावर परत चालू होते. संशय खरा आहे का ते बघायला बंद पडलेल्या अवस्थेत सेन्सरवर थोडं पाणी शिंपडा. लगेच चालू झाली तर सेन्सर बदला, पण त्याआधी त्याचा कपलर आणि वायर सायलेन्सरला लागत नाहीत ना, ते पाहा. गाडी थंड असताना हेअर ड्रायरने फक्त सेन्सर तापवून फॉल्ट आणणं, हा त्याच तपासाचा उलटा मार्ग.

किल्लीचा स्विच झिजलेला असतो तेव्हा किल्ली ‘ऑन’मध्ये असताना बोटाने हलकी डावी-उजवीकडे हलवली तरी डॅशबोर्ड लुकलुकतो. किल्लीला जड जुडगा लोंबत असेल तर पहिल्यांदा तोच काढा.

स्कॅनर कसा वाचायचा

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावून ईसीएमने नोंदलेले फॉल्टचे कोड वाचतात. कोड वाचण्याआधी पुसू नका. ते लिहून ठेवा, ‘फ्रीझ फ्रेम’ (कोड लागला त्या क्षणाची नोंद) असेल तर त्यातला वेग, तापमान आणि व्होल्टेजही. मग पुसा आणि कोणता आधी परत येतो ते बघा.

पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. सर्किट, म्हणजे वायर आणि कपलरही, सेन्सरच नव्हे. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यू अक्षराने सुरू होणारे कोड कंट्रोलरांमधल्या संवादाचे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले तर पाच-सहा पार्ट गेलेले नसतात. सगळ्यांची एकच अर्थ, एकच मेन रिले किंवा सेन्सरांना मिळणारा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा पाहायचा. एक शॉर्ट झालेला सेन्सर तो पुरवठा खाली ओढतो आणि बाकीचे निष्पाप सेन्सर कोडमध्ये येतात. सेन्सरचे कपलर एकेक काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परततात, तोच तो.

यू कोड असतील आणि गाडीत कॅन वायरिंग (कंट्रोलरांना जोडणारी वायरींची जोडी) असेल तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत ६० च्या जवळ यायला हवा, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० दिसला तर कुठेतरी एक टोक तुटलं आहे. मीटर लावून ठेवून वायरिंग हलवायची, आकडा उडी मारेल तिथे तुटकी वायर.

फॉल्ट आणताना

चालत्या गाडीत मीटर वाचायचा असेल तर चालवणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा. रहदारीत किंवा घाटात हा प्रयोग नको, कारण इंजिन मेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-चार दाबण्यांत संपतो. मोकळ्या मैदानात, कमी वेगात, मुद्दाम खड्ड्यांवरून. पावसातला फॉल्ट असेल तर बाटलीने बारीक पाणी एकेका जागी शिंपडायचं. प्रेशर पाइपने पाणी मारू नका. त्याने जिथे पाणी कधी गेलंच नसतं तिथे ते जातं आणि तपास चुकतो.

जोड कसा बांधायचा

खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर घाला. बारीक घातली तर तोच नवा फॉल्ट. क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक. डिंकासारखा गोंद दोन्ही टोकांना बाहेर येईपर्यंत तापवा. सोल्डर केलं तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून ठेवा, कारण सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. एका गुच्छात दोन-तीन जोड असतील तर ते एकाच रेषेत न घेता दोन-दोन इंच पुढे-मागे घ्या, म्हणजे गुच्छ फुगत नाही आणि एकमेकांना लागत नाहीत.

वायरला कपलरजवळ थोडा खालचा झोळ द्या, म्हणजे वाहून आलेलं पाणी कपलरमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडेल. लोखंडाच्या कडेवरून जाते तिथे रबरी ग्रॉमेट किंवा कापलेली नळी. दर फूटभर अंतरावर क्लिप. आणि चॅसी व हौद्यामध्ये चार बोटं सैलपणा, कारण गाडी उद्या पुन्हा भरणार आहे. मग ज्या अवस्थेत फॉल्ट येत होता तीच अवस्था पुन्हा आणा, तोच भार, तोच रस्ता, आणि आधी मोजलेल्याच जागी पुन्हा मोजून नवा आकडा जुन्याशेजारी वहीत लिहा.